तव्यावरचं काळं

करपलेलं भांडं आणि माई यांच्यातला सामना आजवर एकदाही बरोबरीत सुटला नव्हता. एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात भांडीघर सांभाळण्यात माईंची हयात गेली. तिथे दुधाचं पातेलं बुडाला लागलं, सुपाचा टोप काळाठिक्कर पडला, की आचारी मान खाली घालून तो माईंच्या पुढ्यात ठेवायचे आणि पाय न वाजवता निघून जायचे. माई बाह्या सरसावायच्या. संध्याकाळी त्याच टोपात आचाऱ्यांना आपापले चेहरे दिसायचे. ते चेहरे बघण्यासारखे असायचे असं नाही, पण दिसायचे खरे.

अशा बाईच्या नशिबी सून आली ती जाळपोळ करणारी.

सून केमिस्ट होती. शहराच्या कडेला आगीला दाद न देणारी दारं बनवायचा कारखाना होता, तिथे ती कामाला होती. रुग्णालयं, जहाजं, उंच इमारतींचे जिने अशा ठिकाणी बसवायची ही दारं. दोन पोलादी पत्रे आणि त्यांवर रेझिनचा, म्हणजे कृत्रिम राळेचा, जाड थर. तो थर सुनेने बनवायचा, भट्टीत घट्ट करायचा आणि मग ज्वालेचा झोत सोडून जाळायचा. जाळून झाला की त्याच्याकडे प्रेमाने बघत बसायचं. कारखान्यात तिला सगळे कोळसेबाई म्हणत, आणि ती ओ देत असे.

"अगं पण जळतंच ना शेवटी?" माई जेवताना विचारायच्या. "मग उष्णतेला टिकणारं कशाला म्हणायचं त्याला?"

"आई, प्लास्टिकची पिशवी विस्तवाशी नेली की काय होतं?"

"वितळते. ठिबकते. घाण होते नुसती."

"हे रेझिन एकदा भट्टीत घट्ट झालं की पुन्हा वितळतच नाही. फारच तापलं तर आतून तुटायला लागतं. वाफ निघते, वायू निघतात, आणि जाता जाता थोडी उष्णता घेऊन जातात. मागे उरतो कोळसा. तो कोळसाच खालच्या थराला सांभाळतो. वरचं जळतं म्हणून खालचं वाचतं."

"म्हणजे तुला करपायलाच हवं असतं."

"करपायला हवं. पण नीट करपायला हवं."

माई मुलाकडे वळल्या. "ऐकलंस? नीट करपवण्याचा पगार मिळतो हिला."

मुलाने मान डोलावली आणि तो जेवत राहिला. या दोघींच्या मध्ये न पडण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"आणि ती नखं बघ आधी," माई सुनेला म्हणायच्या. "जेवायला बसलीयेस. ब्रश ठेवलाय मी बेसिनवर."

सुनेच्या नखांच्या कडेला कायम एक काळी रेघ असायची. ब्रश बेसिनवर कोरडाच पडून राहायचा. माईंना त्या रेघेचा जितका राग यायचा तितका बाकी कशाचाही येत नसे. सून हुशार होती, बोलायला गोड होती, माईंचे गुडघे दुखले तर गरम पाण्याची पिशवी न मागता आणून द्यायची. पण ती काळी रेघ काही जात नव्हती.

गेल्या महिन्यात मात्र सुनेचं गणित बिघडलं. तिच्या दाराची परीक्षा झाली. अग्निशमन दलाचे प्रमुख स्वतः आले होते. दार भट्टीच्या तोंडाशी उभं केलं, आग सोडली. दार टिकलं, आणि असं टिकलं की मागच्या बाजूला चिकटवलेला लोण्याचा गोळा जेमतेम मऊ झाला. कारखान्याचे मालक टाळ्या वाजवायला हात वर करत होते, तेवढ्यात प्रमुखांच्या माणसांनी ठरल्याप्रमाणे तापलेल्या दारावर बंबाच्या पाण्याचा फवारा मारला. वरचा कोळसा सरसर उतरला. जुन्या भिंतीचा रंग निघावा तसे पापुद्रे सुटले आणि आतून उघडा पत्रा दिसायला लागला.

"आग लागली की माझी माणसं पाणी मारणारच," प्रमुख म्हणाले. "आमच्याच पाण्याने तुमचं कवच उतरणार असेल तर आग परत भडकल्यावर हे दार काय करणार?"

मालकांनी वर केलेले हात खिशात घातले. पुढच्या महिन्यात एक शेवटची परीक्षा, असं त्यांनी सुनेला बजावलं. तेव्हाही असंच झालं तर रेझिनची खोली बंद. बाहेरून तयार पत्रे आणायचे आणि सुनेने विक्रीच्या काउंटरवर बसायचं.

"मी दारं विकायची, आई," सून त्या दिवशी जेवताना म्हणाली. "दुसऱ्याने शिजवलेली."

"विक्रीचं काम स्वच्छ असतं," माई म्हणून गेल्या. मग त्यांनी सुनेचा चेहरा पाहिला. तिने ताट तसंच बाजूला सारलं होतं. माईंनी त्यानंतर चकार शब्द काढला नाही, आणि हे त्यांच्या बाबतीत वारंवार घडत नसे.

सून पुन्हा कामाला जुंपली. कोळसा आकसतो, म्हणून त्याला चिरा जातात, आणि चिरा गेल्या की पापुद्रे सुटतात, हे तिला ठाऊक होतं. तिने या वेळी रेझिनमध्ये काचेचे बारीक तंतू मिसळले. झोतात काच मऊ होऊन कोळशाला धरून ठेवील, असा तिचा अंदाज होता. शिवाय रेझिन घट्ट होताना त्यातून पाणी सुटतं. घाई केली तर ते आतच कोंडतं आणि थरात फुगे धरतात. म्हणून भट्टी अगदी हळूहळू तापवायची, असं तिने ठरवलं. पण नमुना जाळून बघायला खाली पोलादी किंवा लोखंडी तुकडा लागतो, आणि कारखान्यातले छोटे पत्रे संपले होते.

आता जे सांगायचं आहे ते त्या घरात माई सोडून सगळ्यांना, म्हणजे दोघांना, माहीत होतं. सुनेने स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवरचा मूठ तुटलेला लोखंडी तवा उचलला. तो माईंचा होता. त्यांच्या संसारातलं पहिलं भांडं. वापरात नव्हता, म्हणून कोणाच्या लक्षात येणार नाही असं सुनेला वाटलं. तिने तव्यावर रेझिनचा थर दिला, घट्ट केला आणि तो झोताखाली धरला. कोळसा एकसंध आला. एकही पापुद्रा सुटला नाही. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुमच्या हळूहळू भट्टीपायी माझं बाकीचं काम आठवडाभर अडणार. सोमवारी मला तो कोळसा डोळ्यांनी बघू दे, मग भट्टी देतो."

मागचा एक चांगला नमुना कारखान्यातल्या झाडलोटवाल्यांनी कचरा समजून फेकून दिला होता. म्हणून शनिवारी सुनेने तवा टॉवेलात गुंडाळला, घरी आणला आणि ओट्याखालच्या कपाटात सगळ्यात मागे सरकवला. घरात तो सुखरूप राहील असं तिला वाटलं. घरात कोण राहतं याचा तिला विसर पडला होता.

रविवारी सून आणि मुलगा मैत्रिणीच्या नव्या घरी जेवायला गेले. माईंना रिकामं बसवत नसे. त्यांनी ओट्याखालचं कपाट आवरायला काढलं. डबे बाहेर आले, झाकणं बाहेर आली, शेवटी टॉवेलाचं गाठोडं बाहेर आलं. माईंनी गाठ सोडली आणि बघतच राहिल्या.

कडेची खोक त्यांनी ओळखली. मूठ कुठून तुटली ती जागा ओळखली. तवा त्यांचाच होता, आणि त्याच्यावर बोटभर जाड, काळंकुट्ट, खडबडीत काहीतरी बसलेलं होतं.

"करपवला," माई मोठ्याने म्हणाल्या. घरात कोणी नव्हतं, तरी म्हणाल्या. "करपवला आणि लपवला!"

सगळे आचारी हेच करायचे. करपवायचं आणि लपवायचं. माईंना राग आला, पण खरं सांगायचं तर रागाच्या तळाशी थोडा आनंदही होता. किती दिवसांत असं आव्हान हातात आलं नव्हतं! त्यांनी बाह्या वर केल्या, नळ सोडला आणि त्या तव्याच्या हात धुऊन मागे लागल्या.

आधी साबण आणि तारेची घासणी. वरची काजळी निघाली, पाणी काळं झालं, माई खूश झाल्या. मग खाली कठीण लागलं. तिथे घासणी करकरायला लागली आणि तव्याऐवजी घासणीच झिजायला लागली. माईंनी दुसरी घासणी घेतली. खाण्याचा सोडा टाकला. मीठ टाकलं. व्हिनेगरची अख्खी बाटली ओतली. गच्चीवरच्या बागेसाठी ठेवलेली राख आणली. कशाचाही उपयोग होईना, तेव्हा त्यांनी भांडीघरातला शेवटचा उपाय काढला. तवा खळखळत्या पाण्यात ठेवला, पुरता तापल्यावर चिमट्याने उचलला आणि थेट गार पाण्याच्या नळाखाली धरला. या धक्क्याने भलीभली करप टणकन उकलते. तव्याने फक्त चर्रर्र केलं.

माईंनी पुन्हा तेच केलं. तव्यानेही पुन्हा तेच केलं.

दोघं परत आले तेव्हा माई स्टुलावर बसल्या होत्या. कपाळावर केस चिकटले होते, एक नख तुटलं होतं, ओट्यावर राखेचा आणि सोड्याचा चिखल झाला होता. मोरीत तवा पडला होता.

सून दारातच थबकली.

"आई... हे काय केलंत?"

"मी काय केलं? माझ्या तव्याचं काय केलंस ते सांग आधी!"

ती तिथेच जमिनीवर बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी. माईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा आयुष्यात पहिल्यांदा मध्ये पडला.

"आई, तो तिचा नमुना होता. उद्या मालकांना दाखवायचा होता. त्याच्यावर सगळं अवलंबून होतं."

माईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्यापेक्षा जास्त लाज वाटली. पोरीने महिनाभर जिवाचं रान केलं होतं, आणि आपण एका दुपारी ते मोरीत धुऊन टाकलं. विक्रीच्या काउंटरवर, स्वच्छ नखांनी बसलेली सून त्यांच्या डोळ्यांसमोर आली. तसं दृश्य बघायची त्यांना किती हौस होती! आता ते बघवेना.

त्यांनी तवा उचलला, आपल्याच ॲप्रनच्या टोकाने तो कोरडा केला आणि सुनेच्या मांडीवर ठेवला.

"चुकलं माझं," माई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघायला फार वर्षं लागली होती. "घे. नुसती वरची काजळी निघालीय. बाकीचं काही माझ्याच्याने निघालं नाही."

सुनेने नाक पुसलं. "काय म्हणालात?"

"निघालं नाही म्हटलं. मीठ कशाला चोळतेस जखमेवर?"

सून उठली. खिडकीपाशी जाऊन तिने तवा उजेडात धरला. बोट फिरवलं. नखाने टोकरलं. मग वळली, तर चेहरा पार बदललेला.

"कशाकशाने घासलंत?"

"सगळ्याने."

"तारेच्या घासणीने?"

"दोन झिजल्या."

"जोर लावून?"

माईंना हा प्रश्न अपमानास्पद वाटला. "लाड करत बसले होते का मी त्याचे? खांदा निखळायचा बाकी आहे. सोडा झाला, मीठ झालं, राख झाली. उकळत्या पाण्यातून काढून गार नळाखाली धरला, तोही दोनदा!"

"गरमातून एकदम गार? आणि तरी चीर नाही?"

"नाही."

"एक पापुद्रासुद्धा?"

"नाही गं बाई! किती वेळा वदवून घेशील? मी हरले, बस्स?"

"हो आई!" सून ओरडली. तिने तव्यासकट माईंना मिठी मारली. "तुम्ही हरलात! तुम्ही हरलात!"

आपला पराभव कोणी इतक्या आनंदाने साजरा केलेला माईंनी कधी पाहिला नव्हता. पण सून हसत होती, मुलगा हसत होता. काय चाललंय ते कळेपर्यंत माईही हसायला लागल्या. जीव भांड्यात पडला, एवढं मात्र त्यांना नक्की कळलं.

सोमवारी सुनेने माईंना कारखान्यात नेलं. मालकांनी तवा उलटसुलट केला आणि तोंड वाकडं केलं.

"हा तर धुतलेला आहे. काजळी कुठाय? नमुना बिघडवून आणलात."

सुनेने सगळं सांगितलं. मालक माईंकडे वळले. "घरच्या माणसाच्या सांगण्यावर भट्टी अडवू मी? तुम्ही हळुवार हाताने पुसलं असेल."

हळुवार हात म्हटल्यावर माईंनी पिशवीतून कोरी तारेची घासणी काढली आणि मालकांच्या टेबलावर ठेवली.

"घ्या. तुम्हीच घासा. बाह्या मात्र वर करा, नाहीतर घरी बोलणी खाल."

मालकांना आता मागे सरता येईना, कारण दारात माणसं जमली होती. त्यांनी घासायला सुरुवात केली. थोड्या वेळाने कोट काढला. मग टाय सैल केला. शेवटी धापा टाकत त्यांनी घासणी विक्रीवाल्याकडे दिली, विक्रीवाल्याने वेल्डरकडे, वेल्डरने गाडीच्या ड्रायव्हरकडे. माई हाताची घडी घालून बघत होत्या. "कडेकडेने नाही, मधे जोर द्या," असं त्या प्रत्येकाला समजावत होत्या, आणि प्रत्येक जण हात टेकत होता. घासणीचा पार गोळामोळा झाला तेव्हा मालक म्हणाले, "भट्टी घ्या तुमची. आणि माझा कोट कोणीतरी द्या."

परीक्षेच्या दिवशी माई पुढच्या रांगेत बसल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण अडवायची कोणाची छाती झाली नाही. दार भट्टीच्या तोंडाशी उभं राहिलं आणि ज्वाला सुटल्या. दाराचा पृष्ठभाग आधी तपकिरी झाला, मग काळा, मग त्यातून बारीक धूर सुटला. माईंनी नाक वर केलं.

"हा वास ओळखीचा आहे. रुग्णालयात फरशी पुसायचे ना, त्या फिनेलचा."

"बरोब्बर," सून हळूच म्हणाली. "रेझिन तुटायला लागलं की त्यातून थोडं तेच बाहेर पडतं." तिची नजर दारावर खिळलेली होती आणि हात माईंच्या हातात होता.

मागच्या बाजूचा लोण्याचा गोळा जागच्या जागी होता. पण तो गेल्या वेळीही होता. आग बंद झाली. दार लालसर तापलेलं, वर काळं, खडबडीत. प्रमुखांनी खूण केली. बंबाची नळी दोघांनी धरली.

माईंनी डोळे मिटले. आयुष्यभर त्यांनी एकच ध्यास घेतला होता, की काळं निघावं. आज त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या, "निघू नको. निघू नको रे बाबा. माझ्याने निघाला नाहीस, आता याच्याने निघू नको."

पाणी आदळलं. चर्रर्र झालं, आणि तो आवाज माईंनी ओळखला. त्यांनी डोळे उघडले. वाफेच्या ढगात काहीच दिसत नव्हतं. सुनेची बोटं त्यांच्या तळव्यात रुतली होती. मग ढग विरला आणि दार दिसलं. काळंच्या काळं. एकसंध.

प्रमुख पुढे गेले. त्यांनी लोखंडी खरवडणी घेऊन एका कोपऱ्यात जोरात ओढली. थोडी काजळी खाली पडली. त्यांनी पुन्हा ओढली.

"नाही निघत हो हे," ते वळून म्हणाले.

"नाहीच निघणार," मागून माई म्हणाल्या. "मी बघितलंय करून."

"आपण कोण? याच खात्यातल्या का?"

माई ताठ उभ्या राहिल्या. "मी हिची सासू. हिच्या कोळशाकडून हरलेली पहिली."

प्रमुखांनी दार पास केलं. मालकांनी या वेळी हात वर केले ते खाली आणलेच नाहीत. टाळ्यांच्या गडबडीत सून मात्र दारापाशी गेली, हात जवळ नेऊन ऊब घेत उभी राहिली, आणि तिच्या शेजारी जाऊन माईही उभ्या राहिल्या. दार निवल्यावर दोघींनी त्यावर तळहात टेकवले. माईंना तो खडबडीतपणा आता चांगलाच ओळखीचा होता.

त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसले. मुलाने आईच्या हातांकडे पाहिलं. तिच्या नखांच्या कडेला एक काळी रेघ होती, सुनेच्या नखांना होती अगदी तशीच.

"आई," तो जपून म्हणाला, "बेसिनवर ब्रश आहे."

"माहितीय," माई म्हणाल्या आणि सुनेच्या ताटात वाढू लागल्या. "राहू दे."